हेलिकॉप्टरचे पाते : देखभाल आणि तात्पुरती दुरुस्ती

निवडणुकांचे दिवस आले की आमच्या इंदूरच्या आकाशात हेलिकॉप्टरांची वर्दळ सुरू होते. माळव्यातल्या एखाद्या गावी शाळेचे मैदान किंवा पीक निघालेले शेत निवडले जाते, चुन्याचे मोठे वर्तुळ आखून त्यात इंग्रजी 'एच' हे अक्षर काढले जाते, आणि हेलिकॉप्टर उतरण्याच्या आधी पाण्याचा टँकर येऊन ती जागा चांगली भिजवून जातो. मी यंत्रशास्त्र शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी हटकून विचारतात, "सर, हे पाणी कशासाठी?" पाहुण्यांचे पांढरे कपडे खराब होऊ नयेत म्हणून, असे बहुतेकांना वाटते. ते काही अंशी खरे आहे. धुरळा उठला की वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, हेही खरे आहे. परंतु त्या टँकरचा उपयोग आणखी एकाला होतो, तो म्हणजे हेलिकॉप्टरच्या पात्याला. त्याच्याविषयी या अंकात चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

विमानाचे पंख स्थिर असतात आणि हेलिकॉप्टरचे पंख फिरतात, हा दोहोंतला मूळ भेद. डोक्यावर फिरणारे प्रत्येक पाते हा एक लांब, अरुंद पंखच असतो. समोरची कड जाड व गोल, मागची कड निमुळती. आत पुढच्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत गेलेला एक मजबूत कणा असतो. त्याला कारखान्यात 'स्पार' म्हणतात. त्याच्या मागे हलक्या भरावावर पातळ पत्र्याची कातडी ताणलेली असते. सारा भार कण्यावर असतो, मागची कातडी केवळ आकार राखण्यापुरती. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे दुरुस्तीचा प्रश्न येईल तेव्हा सगळे त्याच्यावरच ठरणार आहे.

उदाहरणासाठी चेतक घेऊ. हे मूळचे फ्रेंच 'अलुएत-३'. १९६२ मध्ये करार झाला आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात ते तयार होऊ लागले. (कन्नड विभागाच्या वाचकांना त्या कारखान्याची ओळख मी करून द्यावी असे नाही.) त्याला तीन पाती, फिरणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ११ मीटर, आणि मिनिटाला फेरे साधारण ३५०. एवढ्या माहितीवर शालेय गणित केले तरी मौज कळते. टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटरच्या आसपास येतो. टोकापाशी बाहेरच्या दिशेने जी ओढ निर्माण होते ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक येथे मला अडवतील, की केंद्रोत्सारी बल हे भासमान आहे. मान्य. पण पात्याला मुळाशी धरून ठेवणाऱ्या खिळीला ते मुळीच भासमान वाटत नाही. टोकाला चिकटलेला १ ग्रॅमचा चिखल तिथे पाऊण किलोच्या जोराने ओढत असतो.

आता संपूर्ण पात्याचा हिशेब करू. समजा, पाते ४० किलोचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मध्यावर आहे. मग मुळाशी येणारी ओढ सुमारे १५ टन होते. उलट, पूर्ण भरलेल्या चेतकचे सगळे वजन सव्वादोन टनांच्या आत असते, म्हणजे एकेका पात्याच्या वाट्याला उचलण्याचे काम येते ते पाऊण टनाचे. उचलण्यासाठी पाऊण टन आणि स्वतःला धरून ठेवण्यासाठी १५ टन, असा हा विलक्षण संसार आहे! उभ्या हेलिकॉप्टरची पाती म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यांसारखी खाली वाकलेली तुम्ही पाहिली असतील. तीच पाती फिरू लागली की ताठ होतात आणि यंत्र उचलताना किंचित वर झुकतात. हा ताठपणा धातूचा कमी आणि फिरण्याचा अधिक असतो. दोरीला दगड बांधून गरगर फिरवल्यावर दोरी ताठ होते, त्यातलाच हा प्रकार.

इतक्या प्रचंड ओढीत तीनही पाती वजनाने व आकाराने तंतोतंत सारखी असावी लागतात हे उघड आहे. हे पटत नसेल तर वसतिगृहातल्या छताच्या पंख्यावर प्रयोग करून पाहावा. पंखा बंद करून एका पात्याच्या वरच्या बाजूला टोकाजवळ रुपयाचे नाणे टेपने पक्के चिकटवावे, सर्वांनी खोलीच्या कडेला जावे आणि मग बटण दाबावे. टेपसकट ५ ग्रॅमचे ते नाणे मिनिटाला ३०० फेऱ्यांवर सुमारे ३०० ग्रॅमच्या जोराने पंख्याला कधी इकडे तर कधी तिकडे ओढते, आणि पंखा डुलू लागतो. हेलिकॉप्टरमध्ये हेच डुलणे सेकंदाला सहा वेळा होते, आणि तिथे त्याच्याखाली माणसे, इंधनाच्या नळ्या आणि शेकडो रिव्हेट असतात.

तोल दोन तऱ्हांनी बिघडतो. एक वजनाचा, तो आत्ताच पाहिला. दुसरा वाटेचा. तीनही पात्यांची टोके एकाच पातळीत फिरली पाहिजेत. एखादे पाते हवेला जरा जास्त कोन करून बसले तर ते इतरांपेक्षा वर उडते, आणि यंत्र प्रत्येक फेऱ्याला वरखाली हिसके देते. याला तंत्रज्ञ 'ट्रॅकिंग' बिघडले असे म्हणतात. ते तपासण्याची जुनी पद्धत पाहून आपल्याकडच्या एखाद्या सुतारालाही समाधान वाटेल. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू फासावयाचा. लांब काठीला जाड कापडाची उभी पट्टी ताणून बांधावयाची. यंत्र जमिनीवरच पूर्ण वेगाने चालू ठेवावयाचे आणि एका जाणत्या माणसाने ती काठी हळूहळू सरकवत पट्टीची कड फिरत्या टोकांना निसटती लावावयाची. पट्टीवर लाल, निळी, हिरवी अशा खुणा उमटतात. तिन्ही एकावर एक आल्या तर ठीक. निळी बोटभर वर असेल तर निळ्या पात्याचा कोन मुळाशी असलेल्या दांड्यावर किंचित कमी करावयाचा, किंवा मागच्या कडेला असलेली लहानशी पट्टी हाताने जरा वाकवावयाची. शंभर रुपयांच्या साहित्यात मिलिमीटरचे माप! फक्त काठी धरणाऱ्याने चुकून पुढे पाऊल टाकू नये.

वजनाचा तोल साधण्याची युक्तीही अशीच साधी होती. कोणते पाते हलके आहे हे ठाऊक नसले तर एका पात्याच्या टोकाजवळ चिकटपट्टीचे एकदोन वेढे द्यावयाचे आणि यंत्र चालवून पाहावयाचे. कंप वाढला तर पाते चुकले. पट्टी काढून दुसऱ्याला लावावी. कमी झाला तर आणखी एक वेढा. कंप नाहीसा झाला की ती पट्टी सोलून तिचे वजन करावयाचे आणि तेवढेच शिसे टोकातल्या खोबणीत बसवावयाचे. या दोन्ही युक्त्या कामावरच्या गरजेतून आल्या असाव्यात, पण पुढे त्या रीतसर नियमपुस्तकांत जाऊन बसल्या. तात्पुरता उपाय आणि अधिकृत पद्धत यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नसते, हे यावरून दिसते. मात्र येथे चिकटपट्टी शेवटी काढून टाकली जाते, हे विसरू नये. तिचे काम होते माप देण्याचे.

पात्याला बाहेरून काय काय सोसावे लागते? पहिला शत्रू धूळ. टोकाची पुढची कड ताशी ७०० किलोमीटरच्या वेगाने वाळूच्या कणांवर आदळते, तेव्हा ती कड कानशीने घासल्यासारखी झिजते. आमच्या माळव्याची काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यात चिकणमाती जास्त आणि गारगोटीचे कण कमी. राजस्थानच्या वाळूत गारगोटीच पुष्कळ असते आणि ती ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे तिकडे झीज अधिक होते. यावर उपाय म्हणून पुढच्या कडेला पोलादाचे किंवा निकेलचे पातळ कवच बसवतात, अथवा पॉलियुरेथेनची पारदर्शक पट्टी लावतात. ती झिजली की काढून नवी लावावयाची. पण सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे तो टँकर. पात्याला हातसुद्धा न लावता केलेली ही पात्याची देखभाल आहे.

दुसरा शत्रू पाणी. पावसाचे थेंब त्या वेगाला खड्यांसारखे लागतातच, पण आत शिरलेले पाणी अधिक वाईट. कातडीला बारीक भोक असले तर पाणी आतल्या भरावात जाते आणि यंत्र फिरू लागताच टोकाकडे धाव घेते. २० ग्रॅम पाणी टोकाशी १५ किलोच्या जोराने ओढणार, हे वरच्या हिशेबावरून ताडता येईल. म्हणून पात्याच्या टोकाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. एखादा उत्साही रंगारी पात्याला सुबक रंग देतो, त्याबरोबर ती छिद्रेही बुजवतो, आणि मग पुढचे आठ दिवस कंप कुठून येतो याचा शोध चालतो.

तिसरा शत्रू मीठ. मुंबईच्या जुहू विमानतळावरून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या तेलक्षेत्राकडे १९८० च्या दशकापासून पवनहंसची हेलिकॉप्टरे जाऊ लागली. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे. अशा ठिकाणी समुद्रावरून परतलेले यंत्र गोड्या पाण्याने धुणे हा देखभालीचा पहिला धडा असतो. कोकणातली माणसे दाराच्या कड्याकोयंड्यांना तेल का लावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे कारण सांगावयास नको.

युद्धात मात्र शत्रू खराखुरा असतो. हेलिकॉप्टरने युद्धभूमीवरून माणसे सोडवण्याची पहिली कामगिरी आपल्या भूमीवरून गेलेल्या यंत्राने केली, हे पुष्कळांना माहीत नसते. एप्रिल १९४४ मध्ये लेफ्टनंट कार्टर हार्मन हा अमेरिकन वैमानिक सिकॉर्स्की कंपनीचे छोटे 'वाय-आर-४' घेऊन आसामातील लालाघाटहून निघाला आणि ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या मागे अडकलेल्या चौघांना त्याने एकेक करून बाहेर काढले. त्या यंत्राच्या पात्यात पोलादी नळीचा कणा, लाकडी फासळ्या आणि वरून कापड होते. अशा पात्याला भोक पडले तर काम शिंप्याचे. कापडाचा तुकडा लावावा, टाके घालावेत आणि वर कापड ताणून धरणारे रोगण चढवावे. पुढे धातूची पाती आली. डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हेटला आणि नंतर मेघना नदीपलीकडे आपल्या हवाई दलाच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी सैनिक उतरवले, तेव्हा काहींना जमिनीवरून गोळ्या लागल्या. व्हिएतनाममध्ये तर हे रोजचेच होते. पात्याला भोक पडले की ते फिरताना शिटीसारखा आवाज येई. मागच्या कातडीतल्या भोकावर अमेरिकन सैनिक हिरवी कापडी चिकटपट्टी लावून यंत्र तळावर नेत. 'ताशी शंभर मैलांची पट्टी' असे तिला नावच पडले होते.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले टाळ्या वाजवतात. वाजवू द्यावीत, पण त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारावा. भोक बुजले, पण वजन कुठे वाढले? पात्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चतुर्थांशावर राहावा म्हणून कारखान्यात पुढे मुद्दाम वजन बसवतात. तो मध्य मागे सरकला तर पाते हवेत फडफडू लागण्याचा धोका असतो. पतंगाला मागे जड शेपूट लावणे निराळे आणि पात्याच्या मागच्या कडेला जड ठिगळ लावणे निराळे. शिवाय वजन एकाच पात्यावर वाढले, म्हणजे छताच्या पंख्यावरचे नाणे पुन्हा आलेच.

आमच्या रामबागेत हवाई दलातून निवृत्त झालेले एक फिटर राहत असत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी सांगितलेली हकीकत येथे देतो, कारण एवढ्या नेमकेपणाने हा विषय मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही. ईशान्येकडच्या डोंगरात एका लहानशा तळावर त्यांचे चेतक उतरले. उतरताना वाऱ्याने उडालेला पत्र्याचा तुकडा एका पात्याच्या मागच्या कातडीला लागला आणि बोटाच्या पेराएवढा छेद पडला. तळावर पोटाच्या दुखण्याने तळमळणारा एक जवान होता. दुपारनंतर ढग उतरले की दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बंद. काकांनी आधी पुस्तक उघडले. छेद कण्यापासून किती दूर, किती लांब, हे मोजून पाहिले. तो तात्पुरत्या दुरुस्तीच्या मर्यादेत बसत होता. मग जागा स्पिरिटने पुसली, पट्टीचा तुकडा कोपरे गोल करून कापला (कोपरा टोकदार असला की वारा तिथूनच सोलायला लागतो), आणि कापलेला तुकडा पत्रे तोलण्याच्या टपालाच्या तराजूवर ठेवला. तेवढ्याच वजनाचे आणखी दोन तुकडे कापले. तेही उरलेल्या दोन चांगल्या पात्यांवर, मुळापासून तेवढ्याच अंतरावर, त्याच जागी लावले. "जखम एकाला, पट्टी तिघांना," असे ते सांगत. जमिनीवर यंत्र चालवून पाहिले, कंप नव्हता. नोंदवहीत लिहिले : हे एकाच उड्डाणापुरते, त्यानंतर पाते उतरवावे. वैमानिकाने वाचून सही केली. जवान वेळेवर इस्पितळात पोचला, आणि ते पाते त्याच संध्याकाळी उतरवले गेले.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे, आणि तिच्यासाठी आधी तड्याविषयी सांगावे लागेल. मिनिटाला ३५० फेरे म्हणजे तासाला २१ हजार. प्रत्येक फेऱ्यात पाते एकदा पुढे जाताना वाऱ्याला सामोरे जाते, एकदा मागे येताना वाऱ्याबरोबर जाते, आणि प्रत्येक वेळी थोडे वाकते. हे वाकणे मुळाशी धातू तोडू नये म्हणून स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने पात्याला बिजागरी बसवली. १९२३ मध्ये त्याचे यंत्र याच युक्तीने उडाले. तरीही १००० तासांत पाते २ कोटींहून अधिक वेळा वाकून सरळ होते. तार वाकवून वाकवून तोडतो तसेच हे, फक्त फार सावकाश. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. म्हणून प्रत्येक पात्याला क्रमांक असतो, त्याचे स्वतःचे कार्ड असते, आणि तास भरले की ते दिसायला कितीही नवे असले तरी निवृत्त केले जाते.

तडा सुरू होतो तो बहुधा एखाद्या ओरखड्यापासून. तेव्हा पुढच्या कडेला खडा लागून बारीक खाच पडली तर काय करावे? सामान्य बुद्धी सांगते, भरून काढावी. तंत्रज्ञ उलट करतो. तो बारीक कानशीने व पॉलिश कागदाने आजूबाजूचा धातू आणखी काढतो आणि खाचेचा उथळ, गुळगुळीत खळगा करतो. धातू कमी झाला, पण ताण साठण्याची टोकदार जागा गेली. घासणेही नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने करावयाचे, कारण आडवा ओरखडा म्हणजे पुढच्या तड्याला दाखवलेली वाट. अर्थात किती खोल खाच घासावी याचे आकडे ठरलेले असतात आणि कण्याला खोल इजा असली तर पाते बाद. ट्रकच्या मडगार्डला चीर गेली की आमच्या लोहामंडीतले मिस्त्री चिरेच्या टोकाला भोक पाडतात आणि ती थांबते. विमानाच्या बाहेरच्या आवरणांनाही हा उपाय चालतो. पात्याच्या कण्याला तो करणारा माणूस मात्र त्या हेलिकॉप्टरमध्ये स्वतः बसणार नाही.

आत पोकळ कणा असलेल्या पात्यांत तडा पकडण्याची एक सुंदर सोय असते. सिकॉर्स्कीच्या काही यंत्रांत कण्यात दाबाने नायट्रोजन भरतात, रशियन एमआय-८ मध्ये हवा. तडा गेला की दाब उतरतो आणि मुळाशी असलेल्या दर्शकात इशाऱ्याचा रंग दिसू लागतो. एमआय-८ वर तो लाल असतो. पण दर्शकाची झडपच गळत असेल तर? तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावयाचे, सायकलचे पंक्चर काढणारा करतो तसेच. बुडबुडा झडपेपाशी आला तर जीव भांड्यात पडतो. २४ एप्रिल १९८० च्या रात्री इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी निघालेल्या आठ अमेरिकन हेलिकॉप्टरांपैकी एकावर हा इशारा उमटला. ते वाळवंटात उतरले, चालकांनी पाते पाहिले, दाब खरोखर गेला आहे याची खात्री केली, आणि यंत्र तिथेच सोडून ते दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये चढले. कामगिरीला किमान सहा हेलिकॉप्टरे लागणार होती. निरनिराळ्या कारणांनी शेवटी पाचच उरली, आणि मोहीम सोडावी लागली. त्या चालकांनी पुढे उडायला हवे होते असे म्हणणारे नंतर पुष्कळ निघाले. काळोख्या वाळवंटात साबणाचे पाणी आणि निवांत तपासणी त्यांच्यापाशी नव्हती. माझ्या मते त्यांनी केले ते बरोबर होते.

आता काकांची दुसरी हकीकत. काही वर्षांनी, दुसऱ्या एका तळावर, सकाळच्या तपासणीत पात्याच्या मुळाशी बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ त्यांना दिसली. रंगाची चीर की धातूची? तडा शोधण्याचे रीतसर साहित्य तिथे नव्हते. त्यांनी रंग खरवडला, रॉकेल लावले, थोडा वेळ मुरू दिले, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. क्षणात पांढऱ्यावर ओली काळसर रेघ वर आली. तड्यात मुरलेले रॉकेल खडूने ओढून घेतले होते. चीर धातूचीच होती. त्या दिवशीही न्यावयाचा एक आजारी जवान होता, आणि वरिष्ठ अधिकारी घाईत होते. एकच फेरी, वीस मिनिटांची, असे ते म्हणत होते. काकांनी नोंदवहीत यंत्र उड्डाणास अयोग्य असे लिहिले आणि पेन खिशात ठेवले. जवानाला स्ट्रेचरवरून पायवाटेने खाली न्यावे लागले. "तो वाचला का?" मी विचारले. "वाचला," ते म्हणाले, "पण वाचला नसता तरी त्या वहीत मी तेच लिहिले असते." यापुढे त्यांनी तो विषय वाढवला नाही.

अलीकडे 'जुगाड' या शब्दाला फार प्रतिष्ठा आली आहे. इंदूरसारख्या बाजारपेठेच्या गावात तर तो शब्द अभिमानाने उच्चारतात. मला त्याचे कौतुक मर्यादित आहे. टपालाचा तराजू हा जुगाडच होता, रॉकेल आणि खडू हाही. पण एका ठिकाणी तो मोजण्यासाठी वापरला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी पाहण्यासाठी. न मोजता लावलेली पट्टी आणि मोजून लावलेली पट्टी लांबून सारख्याच दिसतात. परीक्षेत मुले 'तात्पुरती दुरुस्ती' याची व्याख्या 'उपलब्ध साधनांनी केलेली दुरुस्ती' अशी लिहितात. मी तिला अर्धे गुण देतो. ती किती वेळेपुरती आणि कोणाच्या सहीने, हे व्याख्येत आले पाहिजे.

आता पातीच बदलली आहेत. १९६७ मध्ये उडालेल्या जर्मन 'बीओ-१०५' वर काचतंतूंची पाती आली. १९९२ मध्ये प्रथम उडालेल्या आपल्या 'ध्रुव' ची पातीही तंतू आणि राळ यांच्या संमिश्र द्रव्याची आहेत. धातूचा तडा एकदा वाढू लागला की झपाट्याने धावतो. तंतूंचे पाते सावकाश, सूचना देत देत बिघडते, हा मोठा फायदा. पण त्याला कानस लावून भागत नाही, कारण घासले की भार वाहणारे तंतूच कापले जातात. ठिगळ लावावयाचे तर राळ आणि कठिणक यांचे प्रमाण अचूक हवे, आणि ती आवळून येण्यासाठी ठराविक तापमान ठराविक वेळ टिकवावे लागते. घरी ॲरल्डाइट वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की तो मे महिन्यात लवकर वाळतो आणि डिसेंबरात रात्रभर चिकट राहतो. मग सियाचीनला काय होत असेल याची कल्पना करावी. म्हणून अशा पात्यावर विजेवर तापणारी चादर गुंडाळून दुरुस्ती करतात. रंगीत खडू आणि कापडी पट्टीच्या जागी लुकलुकणारा दिवा व कंपमापक आले आहेत, आणि कोणत्या पात्याच्या टोकाशी किती ग्रॅम घालावे हे यंत्रच सांगते.

एक जुनी रीत मात्र तशीच टिकली आहे. संमिश्र पात्यात थर सुटले आहेत का, हे वरून दिसत नाही. तेव्हा तंत्रज्ञ पाते आडवे ठेवून खिशातले नाणे काढतो आणि मुळापासून टोकापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर टिकटिक करत जातो. बाजारात मडके वाजवून घेतात तसे. सगळीकडे खणखणीत आवाज येतो आणि मध्येच एका जागी तो बद्द होतो. तिथे तो थांबतो, चारी बाजूंनी वाजवून त्या जागेची हद्द ठरवतो, तिच्याभोवती खडूने रेघ काढतो आणि पट्टीने लांबी-रुंदी मोजून कार्डावर लिहितो.